सातच्या पाढ्यापाशी

पहिल्या सत्राच्या चाचणीत मी तिसरीला एक साधा प्रश्न घातला होता. जोड्या लावा. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला त्यांची घरं. मुंगीला वारूळ, चिमणीला घरटं, सापाला बीळ, बिबट्याला जंगल. फुकटचे मार्क. पेपर तपासायला घेतले तर तिसरीतल्या झाडून सगळ्या पोरांनी ‘जंगल’ हा शब्द तसाच लोंबकळत ठेवलेला, आणि बिबट्यापुढे स्वतःच्या मनाने नवा शब्द लिहिलेला. ऊस. एका मुलीने तर ‘आमचा ऊस’ असं लिहिलं होतं.

लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. शेवटी सगळ्यांना बरोबरची खूण केली. केंद्रप्रमुखांनी पेपर पाहिले तर काय सांगायचं याची मनात तयारी करून ठेवली. त्यांनी ते पाहिलेच नाहीत, पण मी आपली आठवडाभर ते उत्तर घोकत होते. माझा स्वभावच तसा. गॅसचं बटण बंद आहे का हे बघायला मी कुलूप लावलेल्या घरात परत जाते, आणि बघून आल्यावर बसस्टॉपवर पुन्हा शंका येते. अशा बाईला सरकारने वस्तीवरच्या शाळेत नेमलं आणि पोरांना परिसर शिकवायला सांगितला.

माझं माहेर भिंगारचं. लष्कराची शिस्त, रस्त्यांना दिवे, रविवारी चर्च, आणि जंगली प्राणी म्हणायचा तर मागच्या गटारातून पळणारा मुंगूस. पारनेर तालुका म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माळ, बाजरी आणि टँकर असंच चित्र होतं. नेमणूक मिळाली ती मात्र तालुक्याच्या पश्चिमेला, जिथं कालव्याचं पाणी आलेलं आहे. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कुत्री, डुकरं आली, त्यांच्यामागे बिबट्या आला. आता तो उसातच जन्मतो, उसातच मोठा होतो. त्याच्या आईनेही बहुतेक जंगल पाहिलेलं नसावं. तेव्हा पोरांचं उत्तर चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्याच सुमारास आमचं पारनेरला प्रशिक्षण झालं. शाश्वत विकासासाठी शिक्षण. कार्डशीट, स्केचपेन, दोनदा चहा. ‘आपल्या गावातली एक समस्या आणि तिच्यावर मुलांच्या मदतीने उपाय’ असं प्रत्येक गटाने मांडायचं होतं. बाकीच्यांनी प्लास्टिक घेतलं, मी बिबट्या घेतला. ऊस हवा, साखर हवी, पाणी हवं, आणि बिबट्या मात्र नको, असं कसं जमेल, असं मी विचारलं. प्रशिक्षण देणारे साधनव्यक्ती म्हणाले, फार छान प्रश्न आहे, यावर आपण सगळ्यांनीच विचार करायला हवा. मग जेवणाची सुट्टी झाली. मला राग आला खरा, पण त्यांच्याजवळ तरी काय उत्तर असणार. चहात दोन चमचे साखर मीही घालतेच.

नवरात्र संपता संपता वरच्या वस्तीवरून शेळी गेली. गोठ्याला लागूनच बांधली होती. सकाळी नुसतं दावं राहिलेलं आणि उसाकडे फरफटत गेल्याची खूण. दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीवरची पोरं शाळेत आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. माझी शाळा मुळात चिमुकली, त्यातली निम्मीअधिक पोरं त्या वस्तीची. वस्ती ते शाळा ही वाट म्हणजे उसामधून जाणारी पाणंद. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंचा ऊस डोक्यावर जातो आणि आत शिरलं की आभाळाची पट्टी तेवढी दिसते.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना बरोबर घेऊन मी वस्तीवर गेले. ‘आमचा ऊस’ लिहिणाऱ्या मुलीचं घर पहिलं लागतं. ती थोरली, तिसरीत. धाकटी बहीण पहिलीत. वडील बाजेवर बसले होते. मी शिक्षणाचं महत्त्व, हजेरी, मुलींचं भविष्य असं सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “पोरगी अडानी राह्यली तर सांभाळू आमी. पन पोरगीच न्हाई राह्यली, तर काय सांभाळायचं?”

थोरली दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. आणि मी, जी स्वतःच्या गॅसचीही खात्री देऊ शकत नाही, ती म्हणाले, “उद्यापासून पाठवा. घरातून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत पोरं माझी. जबाबदारी माझी.”

परत येताना मावशी माझ्यावर चिडल्या. “तुमी घेतली जबाबदारी,” त्या म्हणाल्या, “वाघाला इचारलं का?” आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मावशींचा तो प्रश्न त्यानंतर महिनोन्‌महिने माझ्याकडे मुक्कामाला राहिला.

वनखात्याचा एक तरुण कर्मचारी येऊन शाळेत माहिती देऊन गेला. एकटं फिरू नका, घोळक्याने चला, खाली वाकू नका, पळू नका, आणि मोठमोठ्याने बोलत चला. माणसाचा आवाज आला की तो आपणहून बाजूला होतो. सगळं पटलं. पण वर्गात एक क्षण गप्प न बसणारी माझी पोरं, ‘वाटेने बोलत या’ म्हटल्यावर मुकी झाली. काय बोलायचं तेच त्यांना सुचेना. गाणी म्हणायला सांगितली तर कोणतं म्हणायचं यावर भांडणं, आणि भांडण झालं की रुसवा, रुसवा आला की पुन्हा गप्प. मग मी पाढे सांगितले. पाढ्यांना भांडता येत नाही.

वस्तीवरच्या कडुनिंबाखाली सगळ्यांनी जमायचं आणि तिथून ‘बे एके बे’ सुरू करायचं. धाकट्यांना मध्ये घ्यायचं, थोरलीने पुढे चालायचं. थोड्याच दिवसांत पाढे वाटेला चिकटून गेले. पाचचा पाढा विहिरीपाशी. सातचा पाणंदीच्या वळणावर, जिथं ऊस सर्वांत दाट आहे आणि दोन्हीकडची पाती एकमेकांना लागतात. आठ सुरू झाला की पोरं ओढ्याच्या पुलावर, म्हणजे उघड्यावर. दहाचा पाढा फाटकात.

सकाळी मी शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली उभी राहायचे. फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा हीच आमची घंटा. ती वाजवायचा लोखंडी टोल हातात घट्ट धरून मी कान उसाकडे लावायचे. आधी काहीच नाही. मग पंप बंद असेल आणि वारा इकडचा असेल तर लांबून ‘बे दाहे वीस’. मग तीन, मग चार. सात सुरू झाला की माझा श्वास आपोआप अडकायचा आणि ‘आठ एके आठ’ला सुटायचा. मावशी चूल पेटवता पेटवता माझ्याकडे बघून हसायच्या. पण आठपर्यंत त्यांचाही हात थांबलेला असायचा, ते मी बघून ठेवलं होतं.

पोरं फाटकात आली की मी एकेकाच्या डोक्याला हात लावायचे. त्यांना वाटायचं मॅडम लाड करतात.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली आणि माझी काळजी दुप्पट झाली. तोडकऱ्यांच्या टोळ्या आल्या, कोयते चालू लागले, उसाचा एकेक फड मोकळा व्हायला लागला. फड तुटला की आतलं जनावर शेजारच्या उसात सरकतं. रोज कुठे ऊस उभा आहे आणि कुठे नाही हे बघत मी फिरायचे. पाणंदीच्या वळणावरचा ऊस एका बाजूने तुटला तेव्हा पोरांना आनंद झाला, ऊन आलं म्हणून. मला मात्र झोप लागेना. आता सगळं जनावर दुसऱ्या बाजूला गोळा होणार, असा माझा हिशोब.

वनखात्याचा तो मुलगा पुन्हा आला, कारण तोडणीत ठिकठिकाणी पिल्लं सापडतात. मांजराच्या पिल्लांसारखी दिसतात, लोक उचलतात, फोटो काढतात, आणि आई तर जवळच असते. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, पाठ न फिरवता हळूहळू मागे यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. तिला तिची पिल्लं नेऊ द्यायची. हे मला इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी मी त्याचा खेळ केला. वर्गाच्या मधोमध खडूच्या खोक्यात दोन चिंध्यांची पिल्लं. पोरांनी रांगेने यायचं, पिल्लं दिसली की तोंडावर बोट, धाकट्याचा हात धरायचा आणि एकेक पाऊल मागे. ती टाचा उचलून अशी काही मागे सरकायची की मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. पोरांनी तो खेळ पुन्हा पुन्हा मागितला. मी फोटो काढून प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकला. पुष्कळ अंगठे आले.

मग ती सकाळ आली. थंडी होती, उसावर धुकं होतं, आवाज चांगला येत होता. बे, तीन, चार. पाचला मी मावशींना म्हणालेसुद्धा, आज पोरं लवकर निघालीत. सहा झाला. सात सुरू झाला.

“सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक...”

आणि आवाज थांबला.

हळूहळू विरला नाही. सुरी लावल्यासारखा तुटला. मला वाटलं वारा फिरला असेल. मी कान दिला. टोळीच्या कोयत्यांचा आवाजही नव्हता. किंकाळी नाही, रडणं नाही, पळापळ नाही. काहीच नाही. रडण्याचा आवाज आला असता तर मी देवाचे आभार मानले असते. मावशी चुलीपासून उठून माझ्याजवळ आल्या. आम्ही दोघी ‘एकवीस’ची वाट बघत उभ्या राहिलो. एकवीस आला नाही.

मी थोरलीच्या आईला फोन लावला. पोरं निघाली का, इतकंच विचारलं. “कवाच गेली की,” ती म्हणाली. मग तिला माझा आवाज कळला असावा. “का वो मॅडम?” मी काय सांगणार होते? पोरं बघून या, एवढंच म्हणाले आणि टोल हातात घेऊन धावत सुटले. पळू नका, असं पोरांना रोज सांगणारी मी. मावशी मागून येत होत्या, त्यांच्या हातात खिचडी ढवळायचा मोठा पळा होता. पूल ओलांडला. पाणंदीत शिरताना मी ओरडून थोरलीला हाक मारली. हाकेला ओ आली नाही. माझ्या तोंडातून ‘सात एके सात’ असं बाहेर पडायला लागलं. मी मुद्दाम म्हणत नव्हते. भीती वाटली की मी येशूचं नाव घेते, लहानपणापासूनची सवय आहे, पण त्या दिवशी पाढाच येत होता.

वळणावर एक गुलाबी पाण्याची बाटली पडली होती. धाकटीची. झाकण उघडं, मातीत ओल उतरलेली.

त्या बाटलीकडे बघताना मला काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाजेवर बसलेले तिचे वडील दिसले, त्यांचं ते शांतपणे ऐकणं दिसलं. जबाबदारी माझी, असं मी त्यांना किती सहज सांगितलं होतं. मी बाटली उचलायला वाकणार, इतक्यात मावशींनी माझा दंड धरला. त्या बाटलीकडे बघतच नव्हत्या. तुटलेल्या उसाच्या कडेला वाळल्या पानांचा, पाचटाचा ढीग होता, त्यात काहीतरी हललं. दोन पिल्लं. डोळे नुकते उघडलेली, एकमेकांच्या अंगावर चढणारी. आणि पलीकडे, हातभर अंतरावर, उभ्या उसाची भिंत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरांना पिल्लं दिसली होती. पोरं मी शिकवलं तशी गप्प झाली होती आणि मागे सरकत गेली होती. पुढे शाळेकडे यायला वाट पिल्लांवरूनच होती, म्हणून मागे, घराकडे. आणि ती जिथून शहाणपणाने निघून गेली, तिथं त्यांच्या मॅडम आरडाओरडा करत येऊन उभ्या होत्या. मोठ्याने बोलत चला, हेही मीच शिकवलं होतं. गप्प मागे या, हेही मीच. दोन्ही बरोबर. पण ते दोन्ही एकाच वळणावर एकमेकांना भेटतील, हे मला सुचलं नव्हतं.

उसात ती होती. दिसली नाही. पण पाती वाऱ्याविना हलली, आणि एक खालच्या सुरातला घोगरा आवाज आला, तो मला कानापेक्षा पोटात जास्त कळला. मावशी मला धरून मागे सरकू लागल्या. मीही सरकले, टाचा उचलून, एकेक पाऊल, पाठ न फिरवता. वर्गात खेळताना हे किती सोपं वाटलं होतं. पूल येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पुलावर मावशी खालीच बसल्या आणि त्यांचा पळा ओढ्यात पडला.

तरी पोरं घरी पोचलीत हे मला कुठे माहीत होतं? ती मागे सरकली, हा नुसता माझा अंदाज. फोन लावायला घेतला, तर नंबर सापडेना. तेवढ्यात तोच वाजला. थोरलीचे वडील.

“पोरं घरी हायती,” ते म्हणाले. “समदी.”

मग म्हणाले, “थोरली लई मागं लागलीय. म्हनती, मॅडमला फोन करा, त्या वाट बघत आसतील.”

मी पुलावर बसून रडले. मावशी माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. वनखात्याची माणसं आली, तोडणी थांबवली, पिल्लं तपासून क्रेटमध्ये त्याच जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडताना क्रेट रिकामा होता. आई घेऊन गेली. पिंजरा लावा म्हणणारेही गावात होते आणि मला त्यांचा राग आला नाही. ती बाटली बघितल्याच्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, तर पिंजऱ्याच्या कागदावर पहिली सही मी केली असती.

वरच्या वस्तीची पोरं शाळेत यायची बंद झाली. या वेळी मी बोलवायला गेले नाही. पोरं वाचली होती ती आपल्या अकलेने. माझ्या जबाबदारीचा काय उपयोग झाला, हे मी त्या वळणावर बघून आले होते. उरलेल्या चार टाळक्यांना घेऊन मी वर्गात बसायचे. घंटेकडे बघावंसं वाटायचं नाही.

मग एका सकाळी मावशींनी मला हाताने खूण केली. लांबून ‘चार त्रिक बारा’ येत होतं. पोरांच्या आवाजात एक जाडाभरडा आवाज मिसळलेला होता, अडखळणारा, आणि पोरं त्याला हसून दुरुस्त करत होती. थोरलीचे वडील पोरांबरोबर येत होते. पाच झाला, सहा झाला. मी टोल धरून उभी होते. सहा दाहे साठ झालं, आणि सगळं शांत झालं.

पुन्हा तेच. मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं, तेवढ्यात पुलावरून ऐकू आलं, “आठ एके आठ.”

पोरं फाटकात आल्यावर मी जरा रागानेच विचारलं, सातचा का नाही म्हटला? थोरली म्हणाली, “तिथं तिची पिल्लं हायती, मॅडम. वरडलो तर ती उठंल.” मी समजावलं की पिल्लं कधीच गेली, आईने नेली. ती म्हणाली, “नेली न्हवं? मग परत न्हाई आननार, असं कुनी सांगितलं?” मी वनखात्याच्या त्या मुलाचं म्हणणं सांगायला लागले. तिच्या वडिलांनी खांद्यावरची काठी फाटकाला टेकवली. “ऱ्हाऊ द्या, मॅडम,” ते म्हणाले. “मी हाय बरोबर. तेवढं वळान गप जाऊ द्या त्यांना.”

आता कुणी ना कुणी वडील, आजा, चुलता रोज बरोबर असतो. तिथली तोडणी संपली, लावणी झाली, ऊस पुन्हा गुडघ्याएवढा आला आहे. परवा केंद्रप्रमुख आले होते. त्यांनी थोरलीला उभं करून सातचा पाढा विचारला. तिने तो एकही चूक न करता म्हटला, पण अगदी हळू, कुजबुजत. ते म्हणाले, अगं मोठ्याने म्हण, इथं कोण आहे ऐकायला? थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

आणि सकाळी मी आजही चिंचेखाली उभी असते. सहा दाहे साठ होतं आणि पोरं गप्प होतात. ती मुद्दाम गप्प होतात हे मला माहीत आहे, त्यांच्याबरोबर माणूस आहे हेही माहीत आहे. तरी त्या शांततेत मला रोज ती बाटली दिसते. मी मनातल्या मनात सातचा पाढा म्हणते, पोरांच्या चालीने, ना घाईने ना सावकाश. बहुतेक वेळा माझं सत्तर होतं आणि पुलावरून आठ सुरू होतो. कधी कधी माझा पाढा आधी संपतो. मग मी पुन्हा सात एके सातपासून सुरू करते.